ड्युअल कोअर की क्वाड कोअर? वाचनालयाच्या संगणकांसाठी सल्ला हवा आहे

रामबागकर
सर्वांना नमस्कार. इंदूरमधील आमच्या एका लहानशा मराठी वाचनालयात जुन्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे वाळवीच्या वाटेवर आहेत. त्यांपैकी स्वामित्वहक्काची मुदत संपलेले अंक स्कॅन करावेत आणि त्यांतील मजकूर संगणकावर शोधता येईल अशा स्वरूपात जतन करावा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. त्यासाठी दोन वापरलेले डेस्कटॉप संगणक घ्यायचे आहेत. सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केल्यावर दोन पर्याय समोर आले. पहिल्यात इंटेलचा कोअर आय३-७१०० हा प्रोसेसर आहे: दोन कोअर (प्रोसेसरमधील प्रत्यक्ष काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामांचे प्रवाह), वेग ३.९ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यात कोअर आय५-६५०० आहे: चार कोअर, चार थ्रेड, मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, जो गरजेनुसार ३.६ पर्यंत चढतो. दोन्हींत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीचा एसएसडी असून किमतीत हजार-बाराशे रुपयांचाच फरक आहे.

एका विक्रेत्याचे म्हणणे असे की, आय३ सातव्या पिढीचा आहे, त्याचा वेग जास्त आहे आणि टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजमध्ये चालू कामे आणि प्रोसेसरवरचा भार दाखवणाऱ्या खिडकीत) त्याचेही चारच चौकोन दिसतात, त्यामुळे तोही क्वाड कोअरच, म्हणजे चार कोअरचाच समजावा. शेजारच्या दुकानदाराने नेमके उलट सांगितले. मला दोन्ही संगणक सारखेच घ्यायचे आहेत, म्हणजे पुढे देखभाल सोपी जाईल. जाणकारांनी कृपया कारणांसह मत द्यावे, कारण मला ते कार्यकारिणीपुढे मांडायचे आहे.

सुदामानगरी
चार कोअर घ्या. हजार रुपयांच्या फरकावर एवढी चर्चा फक्त कार्यकारिणीच करू शकते.

जुना_हार्डवेअरवाला
रामबागकर काका, चार चौकोन म्हणजे चार कोअर नव्हेत. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर खाली दोन वेगळ्या ओळी असतात. एकीत कोअरची संख्या लिहिलेली असते आणि दुसरीत लॉजिकल प्रोसेसरची, म्हणजे थ्रेडची. आय३-७१०० वर तिथे अनुक्रमे २ आणि ४ दिसतील, आय५-६५०० वर दोन्हीकडे ४ दिसतील. दुकानात संगणक चालू करून घ्या आणि चौकोन न मोजता या दोन ओळी वाचा.

इंटेलने २००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग बाजारात आणले. त्यात एका कोअरला दोन थ्रेडची स्थिती लक्षात ठेवण्याची सोय दिलेली असते, परंतु बेरीज-गुणाकार करणारे भाग, पहिल्या पातळीची कॅश (प्रोसेसरमधीलच छोटी वेगवान मेमरी) आणि इतर बहुतेक यंत्रणा सामाईकच राहते. एक थ्रेड मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत थांबला की त्या रिकाम्या वेळात दुसऱ्याचे काम उरकून घेतले जाते. एकाच ओट्यावर दोघे स्वयंपाक करू लागले, तर एकाची फोडणी होईपर्यंत दुसरा चिरून घेऊ शकतो, पण शेगडी एकच असल्याने पोळ्या काही दुप्पट वेगाने होत नाहीत. फायदा होतो, कधी चांगला होतो, आणि दोन्ही थ्रेडना एकाच वेळी तोच भाग हवा असेल तर जवळजवळ होतही नाही. खरे चार कोअर म्हणजे चार स्वतंत्र शेगड्या.

मालवी_तडका
शेगडीचा विषय निघालाच आहे तर विक्रेत्याला एवढेच विचारा, की चार चौकोन दिसतात म्हणून तो चार कोअर म्हणत असेल, तर मी पाकिटाचे चार कप्पे दाखवून चौपट पैसे दिले असे तो मानेल का?

निवृत्त_अभियंता
या वादाचा इतिहास थोडा सांगतो, कारण ‘गिगाहर्ट्झ जास्त म्हणजे संगणक वेगवान’ ही समजूत जिथे मोडली, तिथूनच कोअरची गोष्ट सुरू होते.

२००४ पर्यंत प्रोसेसर बनवणाऱ्यांचा भर क्लॉकचा वेग, म्हणजे गिगाहर्ट्झ, वाढवण्यावर होता. ट्रान्झिस्टर लहान झाले की त्यांचे व्होल्टेजही त्या प्रमाणात कमी करता येते, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेत अधिक वेग मिळतो, हे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते आणि पुढील तीन दशके उद्योगाने त्याच हिशोबावर काढली. नंतर विद्युतगळतीमुळे व्होल्टेज आणखी खाली आणणे अवघड झाले. पेन्टियम ४ कसाबसा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि त्याच्यानंतर येणारी ‘तेहास’ ही आखणी इंटेलने मे २००४ मध्ये रद्द केली. प्रोसेसर चालताना लागणारी वीज ही वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. म्हणून एकच कोअर फार वेगाने पळवण्यापेक्षा दोन कोअर थोड्या कमी वेगाने चालवणे विजेच्या दृष्टीने परवडू लागले.

आयबीएमने २००१ मध्येच पॉवर४ या प्रोसेसरमध्ये एका चिपवर दोन कोअर बसवले होते, पण ते मोठ्या सर्व्हरसाठी होते. घरगुती संगणकांत २००५ मध्ये इंटेलचा पेन्टियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ आला, जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला आणि जानेवारी २००७ मध्ये कोअर २ क्वाड क्यू६६०० आला. गंमत अशी की, हा क्यू६६०० म्हणजे एका आवरणात शेजारीशेजारी बसवलेल्या दोन ड्युअल कोअर चिपा होत्या. एका चिपेला दुसरीशी बोलायचे असेल तर मदरबोर्डावरच्या बसमार्गे, म्हणजे माहितीच्या सामाईक वाटेने, जावे लागे. एएमडीने नोव्हेंबर २००७ मध्ये फेनम आणला, त्यात चारही कोअर एकाच चिपेवर होते.

२००८ मध्ये ड्युअल कोअर ई८४०० आणि क्वाड कोअर क्यू६६०० यांच्यात हाच वाद जगभर चालला होता. पहिला ३ गिगाहर्ट्झचा आणि ६५ वॉटचा, दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा आणि ९५ ते १०५ वॉटचा. त्या काळी बहुतेक प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर चालत असल्याने पुष्कळांनी पहिला घेतला आणि तेव्हा ते बरोबरच होते. पुढे प्रोग्रॅम बदलत गेले, तसतसा क्यू६६०० अधिक वर्षे कामाचा ठरला.

रेखाटनकार
अभियंता काकांनी इतिहास सुंदर सांगितला, पण त्याचा शेवट ‘म्हणून चार कोअर’ असा होतो असे मला वाटत नाही. मी गेली अनेक वर्षे इंदूरमध्ये वास्तुविशारदांसाठी नकाशे काढून देण्याचे काम करतो. ऑटोकॅडमधील बरेचसे काम आजही एकाच थ्रेडवर चालते. मोठा नकाशा उघडणे, ब्लॉक हलवणे, हॅच भरणे, यात मला प्रत्येक कोअरचा वेगच जाणवतो. माझ्या टेबलावर चार कोअरचा संगणक असताना मी कित्येकदा पाहिले आहे की एक कोअर धापा टाकतो आहे आणि उरलेले तीन निवांत आहेत. अशा कामाला ३.९ गिगाहर्ट्झचे दोन कोअर ३.२ च्या चारपेक्षा बरे. रामबागकर काकांचे काम नेमके कसे आहे, हे न विचारताच ‘चार घ्या’ म्हणणे घाईचे आहे.

सुदामानगरी
घाई झाली असेल, पण ३.९ ची तुलना ३.२ शी करणे हीही घाईच आहे. एकाच कोअरवर भार असेल तेव्हा आय५-६५०० हा ३.६ वर जातो, हे मूळ प्रश्नातच लिहिले आहे. म्हणजे तुमच्या ऑटोकॅडमध्ये फरक ३.९ विरुद्ध ३.६ एवढाच, सुमारे ८ टक्के. तो फरक घड्याळ लावल्याशिवाय कळणार नाही. शिवाय आय५ ला ६ एमबी कॅश आहे, आय३ ला ३ एमबी.

रेखाटनकार
८ टक्के मान्य. दिवसभर तेच काम करणाऱ्याला ते कळतात, एवढेच म्हणतो.

निवृत्त_अभियंता
एक गोष्ट राहिली. ‘सातवी पिढी म्हणून चांगला’ हा विक्रेत्याचा मुद्दा इथे जवळजवळ पोकळ आहे. सहाव्या आणि सातव्या पिढीतील कोअरची अंतर्गत रचना एकच आहे. समान गिगाहर्ट्झवर दोघांचा एक-एक कोअर सारखेच काम करतो. सातव्या पिढीत उत्पादनाची पद्धत थोडी सुधारल्याने वेग चढवता आला आणि चित्रफिती उलगडणारा भाग सुधारला. त्यामुळे या दोन प्रोसेसरांची तुलना विलक्षण स्वच्छ होते: तेच कोअर, एकीकडे दोन अधिक वेगाने, दुसरीकडे चार किंचित कमी वेगाने. जिथे रचनाच वेगळी असते तिथे नुसती कोअरची संख्या आणि गिगाहर्ट्झ पाहून काहीही ठरवता येत नाही. पेन्टियम डी आणि कोअर २ ड्युओ दोघेही ड्युअल कोअर होते, पण कमी गिगाहर्ट्झवर चालणारा कोअर २ ड्युओ पहिल्याला सहज मागे टाकत असे.

मीमांसक
याच मुद्द्याला जोडून लॅपटॉपविषयी लिहिते, कारण तिथे फसगत अधिक होते. सेलेरॉन एन४१२० या प्रोसेसरवर क्वाड कोअर लिहिलेले असते आणि ते खरेही आहे, पण ते कमी विजेसाठी बनवलेले साधे कोअर आहेत. रोजच्या कामात दोन कोअरचा चांगला आय३ त्याच्यापेक्षा चपळ वाटतो. उलट बाजूने पाहावे तर आय७-७५००यू या भारदस्त नावाच्या प्रोसेसरात दोनच कोअर आहेत, आणि त्याच्यानंतर २०१७ मध्ये आलेल्या आय५-८२५०यू मध्ये चार कोअर, आठ थ्रेड आहेत. तेही १५ वॉटच्या त्याच मर्यादेत. माझ्या भाचीला दुकानदार आग्रहाने पहिला देत होता, कारण सात हा आकडा पाचापेक्षा मोठा आहे. मी आकडा न वाचता कोअर वाचायला लावले.

मालवी_तडका
मीमांसक ताई, आता लोक मोबाइलमधल्या आठ कोअरचा विषय काढतील.

लष्करवाला
काढतोच. मी ग्वाल्हेरचा. २०१५ मध्ये ॲपलच्या फोनमधील ए९ या चिपेत दोनच कोअर होते आणि त्याच वर्षीच्या कितीतरी अँड्रॉइड फोनवर ‘आठ कोअर’ असे ठळक छापलेले होते. तो दोन कोअरचा फोन कुणाला मंद वाटल्याचे ऐकिवात नाही. मुद्दा मीमांसक ताईंचाच आहे, मोबाइलचे फक्त निमित्त.

आता कार्यालयीन कामाविषयी. मी हिशेबनीस आहे आणि माझा दिवस एक्सेलमध्ये जातो. एक्सेल २००७ पासून सूत्रांची पुनर्गणना अनेक थ्रेडवर वाटून करते, त्यामुळे मोठ्या तक्त्यांत चार कोअर उपयोगी पडतात. पण मॅक्रो (कामे आपोआप करणारी छोटी आज्ञावली) लिहिलेला असेल तर तो एकाच थ्रेडवर चालतो आणि तिथे चार काय, चाळीस कोअर असले तरी उपयोग नाही. एकाच प्रोग्रॅममधील दोन कामांची ही तऱ्हा, म्हणून ‘हा प्रोग्रॅम क्वाड कोअर वापरतो का’ या प्रश्नाचे सरळ हो किंवा नाही असे उत्तर सहसा नसते.

गणिती_किडा
या सर्व मतांना एका सूत्रात बसवता येते. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार असा, की कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी एकूण वेग ठरवतो. कामाचा ८० टक्के भाग वाटता येत असेल, तर एका कोअरच्या तुलनेत दोन कोअरवर वेग १.६७ पट होतो आणि चारवर २.५ पट. निम्माच भाग वाटता येत असेल तर दोनवर १.३३ आणि चारवर १.६ पट. म्हणजे कोअर दुप्पट केले म्हणून काम दुप्पट वेगाने झाले, असे जवळजवळ कधीच होत नाही.

आता हे आपल्या दोन प्रोसेसरांना लावून पाहू. हायपर-थ्रेडिंगमुळे एका कोअरचे काम २५ टक्क्यांनी वाढते असे धरतो. हे गृहीतक आहे, कामागणिक ते बदलेल. मग सगळे थ्रेड कामात असताना आय३ ची क्षमता २ गुणिले ३.९ गुणिले १.२५, म्हणजे ९.७५ एकक झाली. आय५ ची ४ गुणिले ३.२, म्हणजे १२.८ झाली, इथे मी टर्बो, म्हणजे गरजेनुसार चढणारा वेग, धरलेलाच नाही. न वाटता येणाऱ्या भागात आय३ ला ३.९ आणि आय५ ला ३.६ मिळतील. यातून निष्कर्ष असा निघतो की, निम्मे काम वाटता येणारे असेल तर दोघांना लागणारा वेळ जवळपास सारखाच, फरक एक टक्क्याच्याही आत. ८० टक्के वाटता येत असेल तर आय५ ला सुमारे ११ टक्के कमी वेळ लागतो. ९५ टक्के वाटता येत असेल तर सुमारे २० टक्के कमी. निम्म्याहून कमी वाटता येत असेल तर रेखाटनकार दादांचा आय३ पुढे.

रेखाटनकार
हिशोब पटला. माझा आग्रह ‘आय३ घ्या’ असा नव्हता, ‘आधी काम सांगा’ असा होता, आणि तुमचे सूत्रही तेच विचारते आहे.

जुना_हार्डवेअरवाला
सूत्रात एक गोष्ट येत नाही. वापरणारा माणूस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवत नसतो. मागे विषाणूरोधक तपासणी चालू असते, विंडोज स्वतःला अद्ययावत करत असते आणि ब्राउझरचे अनेक टॅब निरनिराळ्या प्रोसेसमध्ये चालतात. दोन कोअरच्या संगणकावर सरासरी वेग ठीक असला तरी असे काही मागे सुरू झाले की माउस अडखळतो. चार कोअरवर हे अडखळणे कमी होते. लोक ज्याला ‘संगणक हँग होतो’ म्हणतात, त्यातला मोठा भाग पूर्वी हार्ड डिस्कमुळे असे. एसएसडी आल्यावर जो उरतो त्यात कोअर कमी पडणे हे एक कारण असते.

मात्र ८ जीबी रॅम एकाच पट्टीत आहे की ४-४ च्या दोन पट्ट्यांत, हेही विचारा. दोन पट्ट्या असतील तर मेमरीचे दोन्ही मार्ग वापरले जातात. २१३३ वेगाच्या डीडीआर४ ला एका मार्गावर सेकंदाला सुमारे १७ जीबीची मर्यादा असते आणि ती चार भुकेल्या कोअरना वाटून घ्यावी लागते.

शाईपुसणी
हा धागा आत्ता पाहिला. मी जुन्या मराठी छापील मजकुराचे ओसीआर (पानाच्या चित्रातील अक्षरे ओळखून शोधता येईल असा मजकूर बनवणे) करतो, त्यामुळे प्रोसेसरपेक्षा रामबागकर काकांच्या कामाविषयी नक्की काही सांगू शकतो.

त्यांच्या कामाचे तीन टप्पे पडतील. पहिला टप्पा प्रत्यक्ष स्कॅनिंगचा. इथे वेळ जातो तो स्कॅनरच्या सरकत्या दिव्यात आणि पाने उलटणाऱ्या हातांत. प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामा असतो आणि दोन कोअर भरपूर होतात. दुसरा टप्पा पाने सरळ करणे, कडा कापणे, पिवळेपणा काढणे हा. तिसरा टप्पा ओसीआरचा. त्यासाठी टेसरॅक्ट हा मुक्त प्रोग्रॅम बहुतेक जण वापरतात. तो मूळचा ह्यूलेट-पॅकार्डमध्ये तयार झाला, २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि त्यात मराठीसाठी वेगळी भाषासामग्री मिळते. चौथ्या आवृत्तीपासून तो न्यूरल नेटवर्कने ओळी वाचतो, म्हणून अचूकता वाढली आणि प्रोसेसरवरचा भारही.

आता कळीची बाब. एका पानाचे ओसीआर दुसऱ्या पानावर अवलंबून नसते. शंभर पानांचा अंक असेल तर ती शंभर स्वतंत्र कामे आहेत. गणिती किडा यांच्या सूत्रात वाटता येणारा भाग जवळजवळ पूर्ण भरतो. हे काम चार कोअरसाठीच जन्माला आले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण ते आपोआप होत नाही. टेसरॅक्ट स्वतः एका पानाला चार थ्रेड लावण्याचा प्रयत्न करतो आणि त्यात फारसे साधत नाही, कारण थ्रेड एकमेकांची वाट पाहण्यातच वेळ घालवतात. त्यापेक्षा प्रत्येक टेसरॅक्टला एकच थ्रेड वापरायला सांगून एकाच वेळी अनेक पानांवर स्वतंत्रपणे कामाला लावावे. हे सांगणारी एक ओळ न लिहिल्यामुळे चार कोअर घेऊनही दोन कोअरचा वेग मिळालेले लोक मी पाहिले आहेत आणि ते दोष प्रोसेसरला देत होते.

रॅमची फार चिंता नको. ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलेले ए४ आकाराचे पान मेमरीत सुमारे २६ एमबी जागा घेते. चार पाने एकदम उघडली तरी ८ जीबीत आरामात बसतील.

रामबागकर
शाईपुसणी साहेबांचे विशेष आभार. आमच्या कामाचे असे विभाजन मी केलेच नव्हते. थोडी अधिक माहिती देतो. स्कॅनर एकच आहे. स्वयंसेवक संध्याकाळी दोन-अडीच तास येतात. एका संगणकावर स्कॅनिंग आणि पुस्तकांची नोंदणी होईल, दुसऱ्यावर पाने स्वच्छ करणे आणि ओसीआर. महिन्यातून एखादे व्याख्यान यूट्यूबवरून पडद्यावर दाखवले जाते. उन्हाळ्यात खोलीत वातानुकूलन नाही आणि इंदूरचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. वीज गेल्यास छोटा यूपीएस आहे.

मीमांसक
मग दोन्ही सारखेच कशाला? स्कॅनिंगच्या टेबलावर आय३ ठेवावा आणि ओसीआरसाठी आय५. व्याख्यानेही आय३ वरूनच दाखवा. यूट्यूब ज्या व्हीपी९ स्वरूपात चित्रफिती पाठवते, तो उलगडण्याची पूर्ण सोय सातव्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये आहे, सहाव्या पिढीत ती अर्धवट आहे. ‘जास्त कोअर तो प्रत्येक ठिकाणी सरस’ हे इथे खरे ठरत नाही. देखभालीचे म्हणाल तर दोन्ही प्रोसेसर एकाच सॉकेटचे (मदरबोर्डावर प्रोसेसर बसवण्याच्या जागेचे) आहेत आणि रॅमही एकाच प्रकारची.

शंकासुर
सगळे खुशीत आहेत म्हणून थोडे विरजण घालतो.

पहिली शंका हायपर-थ्रेडिंगविषयी. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांतील सुरक्षेचे दोष जाहीर झाले आणि २०१९ पर्यंत आणखी काही उघड झाले. त्यांतील काही दोषांत एकाच कोअरवर चालणारा एक थ्रेड दुसऱ्याची माहिती हुडकू शकतो. पूर्ण सुरक्षितता हवी असेल तर हायपर-थ्रेडिंग बंद करावे, असा सल्ला दिला गेला, आणि ओपनबीएसडी या प्रणालीने तर जून २०१८ मध्येच ते मुळात बंद ठेवले. ज्याचे चार थ्रेड त्यावर उभे आहेत, त्या आय३ ची यात निम्मी मिरवणूक थांबते. आय५-६५०० वर हायपर-थ्रेडिंगच नसल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. वाचनालयात कुणी हेर येणार नाही हे मान्य, पण तुलना चालली आहे तर नोंद असावी.

दुसरी शंका मोठी आहे आणि तिचा कोअरशी संबंधच नाही. विंडोज ११ ला कागदावर फक्त दोन कोअर आणि १ गिगाहर्ट्झ लागतो, पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, तुरळक अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. हे दोन्ही त्या यादीत नाहीत. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे दोन की चार यावर डोके खाजवून जो संगणक घ्याल, त्याला विंडोज कोणते घालणार?

सुदामानगरी
शंकासुरांनी शेवटी ब्रह्मास्त्रच काढले. मग आठव्या पिढीचा आय३-८१०० पाहावा. त्यात चार खरे कोअर आहेत, ३.६ गिगाहर्ट्झ आहे, आणि तो विंडोज ११ च्या यादीत आहे.

निवृत्त_अभियंता
आणि तो आय३ असूनही क्वाड कोअर का आहे, यात या चर्चेचे अर्धे उत्तर आहे. २०१० पासून २०१७ पर्यंत इंटेलने डेस्कटॉपच्या आय३ ला दोन आणि आय५ ला चार कोअर अशी वाटणी जवळजवळ हलवलीच नाही, कारण समोर तगडा स्पर्धक नव्हता. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन आणला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये आय३ चे कोअर दोनाचे चार झाले, आय५ चे चाराचे सहा. आय३-७१०० आणि आय३-८१०० यांच्या बाजारात येण्यात वर्षाचेही अंतर नाही. म्हणून आय३ या नावाखाली ड्युअल कोअर आहे की क्वाड, हे पुढचा आकडा पाहिल्याशिवाय ठरत नाही.

जुना_हार्डवेअरवाला
आय३-८१०० चांगलाच आहे, पण त्याचा मदरबोर्ड वेगळा लागतो. सॉकेटचे छिद्र-माप सारखे दिसते म्हणून काही जण ‘आत्ता आय३-७१०० घ्या, नंतर फक्त प्रोसेसर बदलू’ असे सांगतात. ते होत नाही, त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड हवा. त्यामुळे वापरलेल्या बाजारात त्याचे संपूर्ण संच तुलनेने महाग मिळतात. दोन्ही संगणक तसे घेणे बजेटात बसत असेल तर उत्तम. नसेल तर मीमांसक ताईंची विभागणी ठेवून नोंदणीचा संगणक, ज्यावर इंटरनेट, ईमेल आणि सभासदांची माहिती राहील, तो आय३-८१०० घ्यावा आणि त्यावर विंडोज ११ घालावे. ओसीआरच्या आय५-६५०० वर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली घालावी. टेसरॅक्ट तिथे सुखाने चालतो आणि विंडोजच्या यादीचा प्रश्नच उरत नाही.

कुणी स्वस्तात पेन्टियम जी४५६० दाखवेल. तोही दोन कोअर, चार थ्रेडचा आहे, पण त्यात एव्हीएक्स२ या सूचना (एकदम अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या आज्ञा) नाहीत आणि टेसरॅक्टचे न्यूरल नेटवर्क त्यांचा फायदा घेते. ओसीआरसाठी तो घेऊ नये.

उन्हाळ्याविषयी: आय३-७१०० ची रचना ५१ वॉटची आणि आय५-६५०० ची ६५ वॉटची आहे, फरक नगण्य. वापरलेल्या संगणकात खरा शत्रू म्हणजे पंख्यात अडकलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट. विक्रेत्याकडून ती नवी लावून घ्या आणि दुकानातच दहा-पंधरा मिनिटे सर्व कोअरवर भार देऊन तापमान बघा. चार कोअर तापल्यावर वेग उतरत असेल तर घेतलेल्या चार कोअरचा उपयोग काय?

लष्करवाला
लिनक्सवर स्वयंसेवक बिचकणार नाहीत का? आमच्या कार्यालयात नुसता फॉन्ट बदलला तरी दोन दिवस कुजबुज चालते.

शाईपुसणी
स्वयंसेवकांनी त्या संगणकाला हात लावण्याची गरजच पडत नाही. स्कॅन केलेली पाने एका सामाईक फोल्डरमध्ये टाकायची, रात्री ठरलेल्या वेळी काम सुरू होईल आणि सकाळी पीडीएफ तयार असतील. रात्रभर मोकळा वेळ असेल तर आय५ ने २० टक्के वेळ वाचवला काय आणि न वाचवला काय, असेही म्हणता येईल; पण एखाद्या अंकाचे ओसीआर बिघडले आणि पुन्हा चालवावे लागले, की तो वेळ दिवसाढवळ्या मोजावा लागतो.

रामबागकर
नोंदणीसाठी आय३-८१०० आणि ओसीआरसाठी आय५-६५०० असा प्रस्ताव मांडतो. किमतीतील फरक एका सभासदांनी उचलण्याची तयारी दाखवली आहे. शेवटची एक विचारणा: संध्याकाळी कोणी आय५ वर पाने स्वच्छ करत बसले असेल आणि त्याच वेळी मागे ओसीआर चालू ठेवायचे असेल, तर चारही कोअर त्याला द्यावेत का?

शाईपुसणी
देऊ नयेत. दिवसा एका वेळी तीनच पाने लावा आणि त्या कामांची प्राथमिकता खाली ठेवा, म्हणजे बसलेल्या माणसासाठी एक कोअर मोकळा राहील. रात्री चार करा. लिनक्सवर यासाठी दोन ओळींची स्क्रिप्ट पुरते. संगणक घरी आले की इथेच सांगा, मी लिहून देतो.